काकू वॉर्डातच का खाजवतात

मंगळवार, ११ मार्च. ९.५० ला हॉस्पिटलात. दोघींनी हात धुतले. काकूंचे पंजे पुसले. खाट एक: झोपलेल्या, पुढे गेलो. खाट दोन: आज नको म्हणाल्या. खाट चार: सात मिनिटं. खाट सहा: धुतलेली चादर अंथरली, काकू शेजारी बसल्या, तीन मिनिटांत खाजवू लागल्या. आधी मान, मग पोट. १०.२० ला सिस्टरांनी बाहेर जायला सांगितलं. पास काढून घेतला. घरी ११.०५.

ही नोंद वहीत आहे तशीच दिली. शाळेत नन्सनी आम्हाला रोजची वही लिहायला लावली तेव्हा एक शिस्त घालून दिली होती. आधी वार, तारीख, वेळ. मग घडलं ते. स्वतःचं मत असलंच तर शेवटी, आणि तेही एका ओळीत. ती शिस्त मी पासष्ट वर्षं पाळली. त्या दिवशी शेवटच्या ओळीवर पेन टेकवून बसले आणि काही सुचेना. मग 'समजलं नाही' असं लिहून वही मिटली. पुढचे कित्येक दिवस त्या ओळीत तेच दोन शब्द आहेत.

काकू म्हणजे माझ्या वरच्या मजल्यावरची कुत्री. तपकिरी, मध्यम उंचीची, एक कान उभा आणि एक पडलेला. दिवसभर खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही पंजे ठेवून गल्लीत कोण आलं, कोण गेलं ते बघत असते, म्हणून तिचं नाव काकू पडलं, आणि नावामुळे सगळे तिला अहोजाहो करू लागले. मीही करते. तिच्या मालकीण तेवढ्या तिला अगं म्हणतात.

मालकिणीला सगळे थेटरमावशी म्हणतात. त्या माझ्याहून तेरा वर्षांनी लहान आहेत, तरी मावशीच. हॉस्पिटलातल्या ऑपरेशन थिएटरात त्यांनी चौतीस वर्षं काढली. हत्यारं उकळायची, कापडाच्या घड्या मोजून डब्यात भरायच्या, ऑपरेशन झालं की फरशी धुवायची, पुन्हा मोजायचं. कुठे काम करता असं कोणी विचारलं की त्या 'थेटरात' म्हणायच्या. कोपऱ्यावरचा दुकानदार बरीच वर्षं त्यांच्याकडे फुकट पास मागत होता म्हणे. त्यांनी त्याला कधी खुलासा केला नाही. पुढे त्याचं अपेंडिक्स निघालं तेव्हा त्याचा त्यालाच झाला.

आमची ओळख वीस वर्षांची, पण ती जिन्यातली. येता जाता पाणी आलं का, दिवे गेले का, एवढंच बोलणं. हे गेल्यावर त्या एकदा दारात आल्या, आत आल्या नाहीत, म्हणाल्या, काही उचलायचं-ठेवायचं असेल तर सांगा. दुसरी कोणी असती तर बसून रडली असती. मला तेच बरं वाटलं होतं.

त्या निवृत्त झाल्या त्याच आठवड्यात हॉस्पिटलाच्या धोबीखान्यामागे, गरम वाफेच्या नळाला चिकटून झोपलेलं एक पिल्लू त्यांना दिसलं. निरोप समारंभात मिळालेलं घड्याळ आणि हे पिल्लू, दोन्ही एकाच पिशवीतून घरी आलं. घड्याळ दोन महिन्यांत बंद पडलं.

चार वर्षांनी हॉस्पिटलाने नवी गोष्ट सुरू केली. शिकवलेली कुत्री आठवड्यातून एकदा वॉर्डात आणायची, ज्या रुग्णांना हवं असेल त्यांनी त्यांना कुरवाळायचं, थोडं बोलायचं. मोठ्या डॉक्टरांनी कुठेतरी पाहून आणलं होतं. संसर्ग होऊ नये हे बघणाऱ्या सिस्टरांना ते मुळीच पसंत नव्हतं. पण वरून आलेलं म्हटल्यावर त्यांनी नियमांचे तीन कागद केले आणि ते शब्दशः पाळून घ्यायचं ठरवलं. भेटीच्या आधी चोवीस तासांच्या आत अंघोळ. नखं कापलेली. लसींचा दाखला. दोर हातभर लांब, आणि तो सांभाळणाऱ्याच्या हातातून सुटता कामा नये. जखम उघडी असेल, नळी लावलेली असेल, ताप असेल तिथे जायचं नाही. चाटू द्यायचं नाही, भरवू द्यायचं नाही. प्रत्येक खाटेला वेगळी चादर, प्रत्येकाने आधी आणि नंतर हात धुवायचे. आणि शेवटचा नियम असा की कुत्र्याला ओढून आत न्यायचं नाही. त्याला नको असेल तर भेट तिथेच संपली.

काकू परीक्षेला बसल्या. कानाजवळ स्टीलचा ट्रे पाडून पाहिला, चाकांची खुर्ची अंगावर आणून पाहिली, अनोळखी माणसाने आरडाओरडा केला. धोबीखान्याच्या धडधडाटात जन्मलेलीला त्याचं काय. ती जांभई देऊन बसली. पास मिळाला. त्यावर फोटो काकूंचा होता आणि खाली बारीक अक्षरात मावशींचं नाव, 'सोबत' म्हणून.

मग मावशी मला जिन्यात भेटल्या. प्रत्येक भेटीला दोन माणसं लागतात, एकाने कुत्र्याकडेच बघायचं आणि दुसऱ्याने माणसांकडे. म्हणाल्या, ताई, तुम्ही सगळं लिहून ठेवता म्हणे. मी म्हटलं, लिहिते, पण कुत्र्यांचा मला अनुभव नाही. त्या म्हणाल्या, मला माणसांचा नाही.

हे मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पहिल्या मंगळवारी कळलं की ते खरं होतं. पुढच्या दाराने आत शिरताना मावशी थबकल्या. चौतीस वर्षं त्या मागच्या दाराने, धोबीखान्याकडून यायच्या. वॉर्डात पाऊल ठेवल्यावर कुठे बघावं तेच त्यांना कळेना. मी खाटेपाशी जाऊन विचारायची, कुत्रा आवडतो का, भीती नाही ना, अंगावर पुरळ वगैरे येत नाही ना, कुठे जखम नाही ना. मग मावशी काकूंना आणायच्या. पेशंट काकूंशी बोलायचे, आणि बोलता बोलता मावशींशी. परत येताना त्यांनी जे सांगितलं ते मी तसंच लिहून ठेवलं आहे.

"माझ्या हाताखालून गावभर माणसं गेली, ताई, पण एक मला ओळखत नाही. सगळी झोपलेली होती."

सहाव्या खाटेवर एक बाई होत्या. टेलिफोन खात्यात नोकरी झालेली, म्हणून आम्ही त्यांना टेलिफोनवाल्या म्हणत असू. पक्षाघाताने उजवी बाजू गेली होती, बोलणं तुटक. काकू शेजारी बसल्या की त्या पडलेल्या कानात हळूच म्हणायच्या, नंबर सांगा. काकू तोंडाकडे बघत राहायच्या. लाइन व्यस्त आहे, असं म्हणून त्या डाव्या बाजूने हसायच्या. जानेवारीत त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं काकूंच्या पाठीवर हलली. व्यायाम करून घेणारी मुलगी धावत आली. मावशींनी तो दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवला. त्या मंगळवारनंतर त्या सोमवारीच साडी इस्त्री करू लागल्या.

तर तो पास गेला. सिस्टरांनी कागद दिला. जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला आणा, त्वचेचा रोग नाही असा. पंचवीस मार्चला वॉर्डाच्या दारात फेरपरीक्षा. त्यातही खाजवलं, तर पास कायमचा बंद. सिस्टर चाळिशीच्या, आवाज कधी चढत नाही. मला आजी म्हणतात, ते मला आवडत नाही. मावशींना मावशीच म्हणतात. जाताना एवढंच म्हणाल्या की रागावू नका, एका खाटेची खरूज दहा खाटांना व्हायला वेळ लागत नाही. ते खोटं नव्हतं.

जिना चढताना मावशी म्हणाल्या, घरी ही खाजवत नाही, ताई. मी म्हटलं, खरंच नाही? त्या म्हणाल्या, देवाशपथ नाही. मीही आठवून पाहिलं. भेटी सुरू झाल्यापासून मी रोज संध्याकाळी चहाला वर जाते, काकू माझ्या पायाशी निवांत पसरलेल्या असतात. कधी खाजवल्याचं आठवेना.

शुक्रवारी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी काचेच्या पट्टीवर कातडी खरवडून घेतली, दिवा लावून केस पाहिले, कान हुंगले. किडे नाहीत, बुरशी नाही, पिसवा नाहीत. डॉक्टर म्हणाले, कुत्री ठणठणीत आहे, तुम्ही दोघी आणता कशाला? मावशींनी सांगितलं की ही फक्त हॉस्पिटलात खाजवते. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी वही उघडून चार फेब्रुवारीपासूनचे सगळे मंगळवार वाचून दाखवले. ते म्हणाले, मग मंगळवारी आणा, खाजवत असताना. मंगळवारी तर आता आम्हाला हॉस्पिटल बंद, म्हणजे खाजवणार कुठे, असं मावशी म्हणाल्या. डॉक्टरांनी दाखला लिहायला घेतला. दाखला मिळाला, पण त्यातून अर्थ निघेना.

दाखला नेऊन दिला तेव्हा सिस्टरांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, मग हे आणखी वाईट. रोग नसेल तर ही मनाची खाज आहे. कुत्रं वैतागलं की खाजवतं, जांभया देतं, ओठ चाटतं. काकूंना इथे यायचं नसेल आणि आपण आणत असू, तर एखाद्या दिवशी ती कोणाला तरी चावेल. मावशींचा चेहरा उतरला. काकू तर मंगळवारी पास दिसला की शेपटी आपटत दारात उभ्या राहतात. मी तसं सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, दारात उभी राहते ती फिरायला जायचं म्हणूनही असेल, आजी.

मग जो तो सांगू लागला. मावशींची भाची, जिला त्यांनीच लहानाची मोठी केली, फोनवर म्हणाली की हॉस्पिटलात फरशी पुसायचं औषध बाधत असेल. तळमजल्यावरचे पेन्शनर म्हणाले, दृष्ट लागली असेल, एवढी माणसं रोज कौतुक करतात. इस्त्रीवाला म्हणाला, काकूंचं वय झालं. पाच वर्षांचं कुत्रं म्हातारं नसतं, पण तो काकू या नावावर गेला असावा. मावशी सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या आणि रात्री गोधडीवर झोपलेल्या कुत्रीकडे बघत बसायच्या. एकदा म्हणाल्या, हिला नको असेल तर माझ्यासाठीच ओढत नेते की काय मी? तिला सांगताही येत नाही.

मी माझ्या वह्या काढल्या. ऑक्टोबर ते मार्च, सगळे मंगळवार. कोणती खाट, किती मिनिटं, हवा कशी, वॉर्डात कोण ड्यूटीवर, काय सांडलं. खाजवणं चार फेब्रुवारीला सुरू झालं, त्याआधी एकदाही नाही. चार फेब्रुवारीला काय बदललं? फरशीचं औषध तेच होतं, मी वॉर्डबॉयला विचारून घेतलं. सिस्टर त्याच. खाटा त्याच. मी दोन दिवस ताळा मांडला आणि काहीच जुळलं नाही. एवढी नीट वही, आणि तीही माझ्यासारखीच गोंधळलेली.

अठरा मार्चला मंगळवार होता. मावशींनी ठरवलं की हॉस्पिटल नसलं तरी सवय मोडू द्यायची नाही, सगळं जसंच्या तसं करायचं, फक्त दारापर्यंत जाऊन परत यायचं. त्यांचा गुडघा सुजला होता, म्हणून मला म्हणाल्या, पहाटे पाचला येता का, हिला धरायला कोणीतरी हवं. सहा महिने मी या भेटींची नोंद ठेवते, पण अंघोळ मी कधी पाहिलीच नव्हती. माझी वही पावणेदहाला हॉस्पिटलच्या दारात सुरू होते.

मी गेले तेव्हा मावशी न्हाणीघरात तयार होत्या. डोक्याला रुमाल बांधलेला, बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या. भिंतीला घड्याळ टांगलेलं. कट्ट्यावर पांढऱ्या फडक्यावर ओळीने मांडलेलं: दोन ब्रश, नखांचा एक, मोठा एक, आणि तपकिरी बाटली. काकू आपण होऊन मोरीत जाऊन उभ्या राहिल्या. मावशींनी बाटलीतलं घट्ट औषध हातावर घेतलं आणि पुढच्या उजव्या पंजापासून सुरुवात केली. घड्याळाकडे बघून. पाच मिनिटं एक पाय. बोटांच्या बेचक्या, तळवा, मग वर. खालून वर, कधी वरून खाली नाही. मग दुसरा पाय. मग मान. मग पोट. ब्रशने. मग पाणी. मग पुन्हा तेच सगळं, दुसऱ्यांदा. शेवटी आणखी एक हात औषधाचा, आणि हा धुतला नाही.

मी विचारलं, हा राहू द्यायचा?

म्हणाल्या, हा राहिला की चार-पाच तास जंतू बसत नाहीत.

मग उकळून वाळवलेल्या जुन्या चादरीचा एक अंगरखा काढला, काकूंना घातला, पोटाखालून चार बंद घट्ट बांधले. केस गळू नयेत, धूळ लागू नये, आणि तिने चाटू नये. साडेनऊपर्यंत हा काढायचा नाही. मी विचारलं, आणि घरी आल्यावर? घरी आल्यावर साध्या पाण्याने भरपूर धुते, हॉस्पिटलातलं काही अंगावर आलं असेल ते जायला हवं ना.

मला वास ओळखीचा वाटला. घरी खाली आले, फेब्रुवारीची वही उघडली. चार तारीख: 'काकूंच्या अंगाला आज हॉस्पिटलचा वास.' अकरा: 'पुन्हा तोच वास.' पंचवीस: 'वास.' मी प्रत्येक वेळी समजले की आम्ही हॉस्पिटलात आहोत म्हणून. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी सहा आठवडे घातला होता, आणि तोही तारीखवार.

त्या औषधाची खाज घरी दिसायची नाही, कारण अंगरखा घट्ट. साडेनऊला अंगरखा निघायचा आणि हॉस्पिटलात पोचल्यावर खाज सुरू. घरी आलं की धुऊन निघायचं. शुक्रवारी डॉक्टरांना काय सापडणार? तपकिरी औषध, तपकिरी कुत्री, डागही दिसायचा नाही.

पण हे चार फेब्रुवारीलाच का, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं. ते मावशींनी सांगितलं. हॉस्पिटलाच्या दाराकडे निघायच्या आधीच, सकाळी नऊला मी वर गेले आणि जमेल तितकं हळू बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, अठ्ठावीस जानेवारीला खाट चारच्या चादरीवर दोन केस सापडले, आठवतं? सिस्टर म्हणाल्या होत्या, कुत्र्याची अंघोळ नीट होते ना? मला आठवत होतं. मी ते लिहिलंही नव्हतं, इतकं साधं बोलणं होतं ते.

मावशी म्हणाल्या, त्याच सिस्टर शिकाऊ असताना पहिल्या दिवशी थेटरात चक्कर येऊन पडल्या, डोकं आपटू नये म्हणून मी माझा पाय मध्ये घातला होता. ती मला विचारते नीट होते ना. म्हणून मग मी थेटरची अंघोळ सुरू केली. तोवर साध्या साबणाने घालत होते.

मला का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. तांदूळ धुऊन घातले असं कोणी सांगतं का, म्हणाल्या. मी औषध बाधतं असं पुन्हा म्हटलं तेव्हा त्या चिडल्या.

"चौतीस वर्षं मी रोज दहादा याच औषधाने हात धुतलेत, ताई. मला कुठे काय झालं?"

आणि दोन्ही हात माझ्यापुढे धरले.

मनगटापासून कोपरापर्यंत कातडी जाड, चिरा पडलेली, कुठे पांढरी, कुठे लाल. बोटांच्या बेचक्यांत जुन्या जखमांच्या रेषा. सहा महिने मी हे हात रोज चहाच्या कपाभोवती पाहिले होते. मी त्या चिरा बघत राहिले. त्यांनीही मग खाली पाहिलं. उजव्या हाताने डावं मनगट चोळू लागल्या, आणि चोळता चोळता थांबल्या.

म्हणाल्या, रात्री खाज येते. मला वाटायचं, सगळ्यांनाच येते.

काकू खिडकीतून उतरून आमच्यामध्ये येऊन बसल्या. अंगरखा अजून अंगावर होता. मावशींनी बंद सोडले, मोरीत नेऊन पाण्याने भरभरून धुतलं, एकदा, दोनदा, तीनदा. बाटली कपाटावर ठेवली. फेकून दिली नाही. दुपारी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला, ते हसले आणि सौम्य साबणाचं नाव दिलं. मावशींना मलम लावायलाही त्यांनीच सांगितलं. ते मावशींनी घेतलं का, मला माहीत नाही. माणसाच्या डॉक्टराकडे जा म्हटलं तर म्हणाल्या, निवृत्तीनंतर कशाला.

त्या आठवड्यात मला वाटत होतं की आता सुटलं. सिस्टरांना मी सगळं लिहून दिलं, तारखांसकट. त्यांनी वाचलं, मान हलवली, आणि त्यांचा चेहरा थोडा लाल झाला, पण म्हणाल्या की फेरपरीक्षा तरी व्हायला हवी. खाज औषधाची होती की मनाची, हे दारातच कळेल.

पंचवीस मार्च. सोमवारी संध्याकाळी साध्या साबणाने अंघोळ झाली होती, अंगरखा नव्हता. मावशींनी इस्त्रीची साडी नेसली. काकू जिन्यावरून टुणटुण उतरल्या. वाटेत दोन खांब हुंगले. पुढच्या दाराने आत, हात धुणं, पंजे पुसणं, सगळं झालं. एकदाही खाजवलं नाही. लांब व्हरांडा, त्याच्या टोकाला वॉर्डाचं दुहेरी दार. सिस्टर फाइल घेऊन उभ्या. दारातून सहावी खाट दिसत होती. टेलिफोनवाल्या उशीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांनी डावा हात वर केला.

उंबऱ्यापाशी काकू बसल्या.

मावशी थांबल्या. दोर सैल होता. हळूच म्हणाल्या, चल. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग वॉर्डाकडे, मग जांभई दिली. उठल्या नाहीत. एक मिनिट गेलं. मी घड्याळ पाहिलं म्हणून मला माहीत आहे. मला काहीच कळत नव्हतं. सहा मंगळवार या दारापलीकडे अंग चावलं होतं, ते आठवून ती बसली होती, की तिला खरोखरच नको होतं, की नुसतीच दमली होती? कुत्र्याच्या तोंडावरून ते वाचता आलं असतं तर मी वाचलं असतं.

दोराला एक हलका झटका दिला असता तर ती उठली असती. मला वाटतं सिस्टरांनी तो पाहिला नसता, त्या फाइलमध्ये बघत होत्या, मुद्दाम की कसं, तेही मला सांगता येणार नाही. मावशींच्या हाताची मूठ आवळलेली मी पाहिली. मग ती सैल झाली.

"नको म्हणतेय ती," मावशी सिस्टरांना म्हणाल्या. "लिहा तसं."

सिस्टरांनी लिहिलं. मग पेन थांबलं. फॉर्मवर दोन ओळी होत्या. कुत्रा वॉर्डात जातो का, तिथे नाही. कुत्र्याचा नकार सोबतच्या माणसाला ओळखता येतो का, तिथे हो. खाली निकाल एकच लिहायचा होता. सिस्टर म्हणाल्या, असं झालं तर काय लिहायचं हे मीच ठरवलेलं नाही. नियम तर त्यांचेच होते. त्या हसल्या नाहीत, पण फाइल मिटली आणि म्हणाल्या, निकाल पुढच्या मंगळवारी. पुन्हा दारात आणा. ती आत गेली तर गेली. नाही गेली तर नाही. महिनाभर बघू.

मावशींनी दोर गुंडाळायला सुरुवात केली. एवढ्यात आतून टेलिफोनवाल्यांचा आवाज आला, तुटक, पण ऐकू येईल असा. नंबर सांगा. काकूंचा उभा कान हलला, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

मावशी तिथेच उभ्या राहिल्या. काकूंशिवाय त्या वॉर्डात कधी गेल्या नव्हत्या. पासवर फोटो काकूंचा, त्या सोबत. आता जायचं तर कोण म्हणून जायचं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर म्हणाल्या, भेटीची वेळ दहा ते अकरा, सगळ्यांना.

आम्ही काकूंना बाहेर अंगणात आणलं. तिथे मावशींनी दोर माझ्या हातात दिला, कसा धरायचा ते दाखवलं, अंगठा फासात घालायचा नाही असं दोनदा बजावलं. मग एकट्या पुढच्या दाराने आत गेल्या. मी बाकावर बसले. काकू बाकाखाली आडव्या झाल्या. पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास. मला वाटलं, रडत असतील, नाहीतर भांडत असतील. अकराला सात कमी असताना त्या आल्या. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, त्यांच्या केसांचा मागून गुंता झाला होता, तो सोडवला.

एवढा वेळ काय बोललात, असं मी विचारलं. काही नाही, म्हणाल्या. मग दहा पावलांनी म्हणाल्या, नाव विचारलं त्यांनी माझं. पुढच्या मंगळवारी ये म्हणाल्या. काकूंसकट, की एकटीला, ते विचारायचं राहिलं.

काकूंना आवडत नव्हतं का? मावशी आता जात राहतील का? पास राहील की नाही? घरी येऊन मी वही उघडली आणि सगळं क्रमाने लिहिलं, व्हरांड्यातल्या त्या एका मिनिटासकट. शेवटच्या ओळीवर आले आणि पेन टेकवलं. समजलं नाही असं लिहायचं तर तेही पूर्ण खरं नव्हतं, आणि समजलं म्हणावं असंही काही नव्हतं. ती ओळ तशीच सोडली आणि त्याखाली लिहिलं:

सायं. ६.४०. स्वयंपाकघरातला बल्ब गेला. साठचा दुकानात नव्हता, चाळीसचा लावला.